समुद्राकडे जाणारे, नदीत राहणारे



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. त्यांच्या व्याख्यानमालेत माशांवर बोलायला मिळावे, याचा मला मनापासून आनंद आहे.

पहिल्या पावसाने ओढ्यांना गढूळ पाणी आले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात, हे कोकणातल्या मंडळींना मी सांगायला नको. चढणीचे मासे म्हणा, वलगणीचे मासे म्हणा. गाभोळीने भरलेले ते मासे धरायला माणसे रात्रीची ओढ्यात उतरतात. त्या वेळी सगळ्यांचे डोळे चढणाऱ्या माशांवर असतात. जे चढत नाहीत, त्यांच्याकडे कोण बघते? एकाच जातीचे मासे, एकाच पाण्यात जन्मलेले. काही लांबचा पल्ला गाठतात, काही जन्मले त्याच पाण्यात आयुष्य काढतात. असे का? ते त्यांच्या रक्तात असते का? आणि रक्तात असेल, तर आपण नदी अडवतो तेव्हा त्या रक्ताचे काय होते?

या प्रश्नांचा छडा ज्या माशांच्या बाबतीत सर्वांत नीट लागला आहे, ते मासे आपल्याकडचे नाहीत. नॉर्वेचा कॉड, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ट्राउट आणि त्याच किनाऱ्यावरचा चिनूक साल्मन. आज या तिघांकडे जाऊ.

नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटे आहेत. दर हिवाळ्यात, जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान, तिथे कॉडचे प्रचंड थवे अंडी घालायला येतात. हा कॉड येतो थेट बॅरेन्ट्स समुद्रातून, शेकडो किलोमीटर पोहून. नॉर्वेचे कोळी त्याला स्क्रेई म्हणतात. पण त्याच किनाऱ्यावर, फियॉर्डच्या आतल्या पाण्यात, दुसराही कॉड असतो. तो वर्षभर तिथेच राहतो, तिथेच अंडी घालतो. कोळ्यांना हे दोन कॉड पिढ्यान्पिढ्या वेगळे माहीत होते. शास्त्रज्ञांना मात्र ते पटवून घ्यायला बराच काळ लागला.

सुरुवात झाली एका खड्यापासून. ढोमी खाणाऱ्यांना माशाच्या डोक्यात सापडणारा पांढरा टणक खडा माहीत असेल. लहानपणी आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो धुऊन जपून ठेवला असेल. तो माशाच्या कानाचा भाग. मासा वाढतो तसा त्यावर थरावर थर चढतो. खडा मधोमध मोडला आणि भिंगाखाली धरला की एकाआड एक गडद आणि फिकी वलये दिसतात, आणि ती मोजून माशाचे वय सांगता येते. १९३३ मध्ये गुन्नार रोलेफ्सेन या नॉर्वेजियन संशोधकाने दाखवले की या वलयांवरून वयापलीकडचेही काही कळते. फियॉर्डमधल्या कॉडच्या खड्यातले सर्वांत आतले वलय लहान आणि जास्त गोलसर असते. स्क्रेईचे तसे नसते. म्हणजे कोळी जे सांगत होते त्याची नोंद माशाच्या डोक्यातच होती.

पण शंका उरलीच. वलयांचा आकार माशाच्या वाढीवर ठरतो, आणि वाढ ठरते पाण्याच्या तापमानावर आणि खाण्यावर. मग हे दोन कॉड वेगळ्या घराण्यांचे, की एकाच घराण्यातले, वेगवेगळ्या ठिकाणी वाढलेले? १९६० च्या दशकात दाग म्योलर यांनी कॉडच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक दाखवला आणि घराणी वेगळी आहेत असे म्हटले. पुढे मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तपासला गेला, तर त्यात सांगण्यासारखा फरक निघेना. १९९० च्या दशकात पॅन्टोफायसिन नावाच्या एका जनुकात पुन्हा ठळक फरक सापडला. एक चाचणी म्हणे वेगळे, दुसरी म्हणे एकच. कित्येक वर्षे हा वाद असाच चालू राहिला.

मित्रहो, दोन्ही चाचण्या खऱ्या होत्या. २०१६ मध्ये कॉडचा संपूर्ण जनुकसंच बारकाईने वाचला गेला, तेव्हा उलगडा झाला. या दोन कॉडचा बहुतेक सगळा जनुकसंच जवळजवळ सारखाच आहे. फरक साठला आहे तो मुख्यतः काही ठरावीक तुकड्यांत. त्यातला सर्वांत ठळक तुकडा पहिल्या गुणसूत्रावर आहे. सुमारे पावणेदोन कोटी अक्षरांचा, सातशेहून अधिक जनुकांचा हा पट्टा स्क्रेईमध्ये एका क्रमाने लागतो आणि फियॉर्डच्या कॉडमध्ये उलट्या क्रमाने.

क्रम उलटा लागल्याने एवढे काय बिघडते? जनुके तीच, अक्षरेही बहुतेक तीच. हा माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबते. प्रत्येक पिढीत, अंडे किंवा शुक्राणू तयार होताना, आईकडून आलेले गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेले गुणसूत्र शेजारी येतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करतात. पत्त्यांचा कॅट पिसावा तसे. म्हणून गुणसूत्रावर एकमेकांपासून दूर असलेल्या दोन जनुकांची सोबत फार पिढ्या टिकत नाही. पण एका गुणसूत्रातला मोठा पट्टा उलटा असेल, तर जोडीदाराशी त्याची जुळणी नीट होत नाही आणि तेवढ्या भागात अदलाबदल जवळजवळ थांबते. बाकीचा कॅट पिसला जातो. ही शेकडो पाने मात्र एकमेकांना धरून राहतात, आणि एका पिढीकडून दुसरीकडे एकगठ्ठा जातात.

आता लांबच्या प्रवासाला काय काय लागते ते बघा. खोल पाण्यातला दाब सोसायला हवा, उपाशीपोटी पोहता यायला हवे, चरबी साठवता यायला हवी, योग्य हंगामात निघायची ओढ हवी. यातली एक गोष्ट मिळून उपयोग नाही. सगळ्या एकत्र हव्यात. दर पिढीत ही शिदोरी विस्कटत राहिली तर प्रवासी घराणे टिकणार कसे? उलट्या पट्ट्यामुळे ती विस्कटत नाही. स्क्रेई आणि फियॉर्डचा कॉड एकमेकांजवळ अंडी घालतात, त्यांच्यात थोडाफार संकरही होतो, तरी दोन जीवनरीती शाबूत राहतात, त्या यामुळे.

हे ज्ञान कागदावर राहिलेले नाही. स्क्रेईची संख्या मोठी आहे, फियॉर्डच्या कॉडची खालावलेली. लोफोटेनला दोघे एकाच जाळ्यात येतात. म्हणून हेनिंग्सवेरजवळच्या पाण्यात हंगामात नमुने घेऊन जनुकीय तपासणी होते, आणि स्थायिक कॉडचे प्रमाण जास्त निघाले तर तेवढा भाग मासेमारीला बंद ठेवतात. इतिहासालाही या ज्ञानाचा उपयोग झाला. उत्तर जर्मनीत हेडेबी नावाचे वायकिंग काळातले व्यापारी गाव होते. इसवी सन ८०० ते १०६६ या काळातली कॉडची हाडे तिथे उत्खननात सापडली. २०१७ मध्ये त्यांतला डीएनए वाचला गेला, तेव्हा याच उलट्या पट्ट्यांवरून कळले की हे मासे उत्तरेच्या प्रवासी घराण्यातले होते. म्हणजे लोफोटेनचा सुकवलेला कॉड हजार वर्षांपूर्वीच इतक्या दक्षिणेला विकला जात होता. माशाच्या प्रवासाच्या खुणेवरून माणसाच्या व्यापाराची वाट सापडली.

आता नदीकडे वळू. काश्मीर, हिमाचल, मुन्नार इकडे फिरायला गेलेल्यांनी रेनबो ट्राउट खाल्ला असेल. आपल्याकडे तो बाहेरून आणला गेला. मूळचा तो उत्तर पॅसिफिकच्या दोन्ही काठांचा, कॅलिफोर्नियापासून कामचात्कापर्यंतचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद झाली. नदीत राहणारा, रंगीत पट्ट्याचा, आकाराने बेताचा, तो रेनबो. समुद्रातून येणारा, रुपेरी, दांडगा, तो स्टीलहेड. पुढे कळले की जात एकच.

एकच जात! पण समुद्राकडे जायला निघालेल्या पिल्लाच्या अंगात काय उलथापालथ होते ते पाहा. नदीतल्या माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत असते. तो ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून मीठ आत ओढून घेतो. समुद्रातल्या माशाचे नेमके उलटे. त्याच्या अंगातले पाणी सतत निघून जाते. तो खारे पाणी पितो आणि कल्ल्यांतून जादा मीठ बाहेर टाकतो. ही सगळी यंत्रणा त्या पिल्लाला नदीत असतानाच फिरवून घ्यावी लागते. अंगावरचे गडद ठिपके पुसट होतात, खवल्यांवर चांदी चढते, शरीर सडपातळ होते. त्याच ओढ्यातले त्याचे भावंड मात्र ठिपके तसेच ठेवून तिथेच वयात येते.

आणि ही खरोखर भावंडे असू शकतात. हे कसे कळले? पुन्हा डोक्यातल्या खड्यावरून. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य नदीपेक्षा सहसा बरेच जास्त असते. मादी समुद्रातून आलेली असेल, तर तिच्या अंड्यांतला बलक समुद्रात असतानाच तयार झालेला असतो, आणि त्या स्ट्रॉन्शियमची खूण पिल्लाच्या खड्याच्या अगदी गाभ्यात उमटते. स्वतः कधीही समुद्र न पाहिलेल्या माशाच्या डोक्यात आईचा समुद्र नोंदलेला असतो. अशी तपासणी केल्यावर काही नद्यांत समुद्रातल्या आईची घरबशी पिल्ले सापडली, आणि घरबशा आईची समुद्रावर गेलेलीही सापडली.

मग हे रक्तात आहे असे म्हणावे की नाही? म्हणावे, पण जपून. ट्राउटच्या पाचव्या गुणसूत्रावर कॉडसारखाच उलटा पट्टा आहे, त्याहून कितीतरी मोठा. सुमारे साडेपाच कोटी अक्षरे, हजाराहून अधिक जनुके. त्याचे एक रूप समुद्राकडे जाणाऱ्यांत जास्त आढळते, दुसरे नदीत राहणाऱ्यांत. पण हे रूप हुकूम सोडत नाही. ते कल झुकवते. ओढ्यात खायला किती मिळते, पाणी किती थंड, पिल्लू किती झपाट्याने वाढते, याचाही त्या निर्णयात वाटा असतोच.

कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळ स्कॉट क्रीक नावाची छोटी नदी आहे. तिच्या एका फाट्यावर धबधबा आहे. खालून वर कोणताही ट्राउट तो चढू शकत नाही. १९१० च्या सुमारास माणसांनी खालचे मासे उचलून धबधब्याच्या वर नेऊन सोडले. आता विचार करा. वरच्या पाण्यात जन्मलेल्या ज्या पिल्लाला समुद्राची ओढ लागली, ते धबधब्यावरून खाली गेले. ते परत येऊ शकले का? नाही. दर पिढीत जे गेले ते गेले, आणि वरच्या पाण्यात पुढची पिढी वाढली ती थांबणाऱ्यांची. साधारण शंभर वर्षांनी दोन्हीकडचे मासे तपासले, तर वरच्या माशांत नदीत राहण्याचे रूप फार वाढलेले निघाले. माशांना तिथे नेले माणसांनी, एकदाच. पुढची निवड त्या कड्याने केली. शंभर वर्षे म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात किती थोडा काळ!

धबधब्याच्या जागी धरण ठेवून बघा. कॅलिफोर्नियातल्या अनेक धरणांच्या वर हीच गोष्ट दिसली. धरणाच्या वर जे मासे अडकतात, त्यांच्यात समुद्राकडे नेणारे रूप कमी होत जाते. आपल्याकडे १९७५ मध्ये गंगेवर फरक्काचा बराज झाला आणि त्यापूर्वी समुद्रातून अलाहाबादेपर्यंत चढणारा हिलसा मासा वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीसा झाला, हे सर्वांना माहीत आहे. धरण मासे अडवते, हे आपण मानतो. पण जे वर उरतात त्यांचा वारसाही ते बदलते, हे आपण अजून पुरेसे मनावर घेतलेले नाही.

तरी ट्राउटच्या गोष्टीत एक दिलासा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. मादीसाठी समुद्राचा मोठा फायदा असतो. नदीत राहिलेली छोटी मादी शेकड्यांत अंडी देते. समुद्रात वाढून आलेली हजारांत. नराचे तसे नसते. लहान नरही संधी साधून अंडी फळवू शकतो. म्हणून मादीने जावे आणि नराने राहावे, यात घराण्याचा फायदा. पण जनुकांचा पट्टा तर नरमादी दोघांत सारखाच जातो! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की ज्या माशात दोन्ही रूपे एकेक असतात, तो मादी असेल तर समुद्राकडे झुकतो आणि नर असेल तर नदीत राहतो. परिणाम काय? समुद्राचे रूप घरबशा नराच्या अंगात दडून नदीत टिकू शकते आणि त्याच्या मुलीत पुन्हा उगवू शकते. शिवाय काही धरणांच्या वरचे ट्राउट जलाशयालाच समुद्र मानतात. ओढ्यात जन्मतात, जलाशयात उतरून वाढतात, अंडी घालायला ओढ्यात परततात. अशा ठिकाणी समुद्राकडे नेणारे रूप जास्त टिकलेले दिसते. धरणामागे अडकलेला वारसा कित्येक पिढ्या जिवंत राहू शकतो.

इथे अमेरिकेचा कायदा अडखळतो. समुद्राकडे जाणारा स्टीलहेड एका सरकारी खात्याकडे, नदीत राहणारा रेनबो दुसऱ्याकडे. अनेक नद्यांत स्टीलहेडला धोक्यातला म्हणून संरक्षण आहे. त्याच्या घरबशा भावाला नाही. ज्याच्या अंगात समुद्राचा वारसा दडला आहे त्याला मोकळे सोडायचे आणि ज्याच्या अंगात तो उघड दिसतो तेवढ्यालाच जपायचे, हे मला पटत नाही.

मग सगळाच वारसा असा दडून बसतो का? धरण पाडले, वाट मोकळी केली, की सगळे परत येते का? याचे उत्तर तिसरा मासा देतो, आणि ते उत्तर कठोर आहे.

चिनूक साल्मन सगळाच प्रवासी, पण त्याच्या येण्याच्या वेळा दोन. एक वसंतात नदीत शिरतो. तेव्हा त्याची गाभोळी तयार नसते, अंगात चरबी भरलेली असते. तो खूप वर चढतो, थंड डोहांत सबंध उन्हाळा न खाता काढतो आणि शरद ऋतूत अंडी घालतो. दुसरा शरद ऋतूतच येतो, तयारीनिशी, आणि बहुधा खालच्या पट्ट्यात अंडी घालतो. ओरेगॉनमधून कॅलिफोर्नियात उतरणाऱ्या क्लॅमथ नदीच्या काठच्या युरोक आणि कारूक या लोकांसाठी वसंतातला चिनूक म्हणजे हिवाळा संपल्यावर हाती येणारा पहिला ताजा मासा. अभ्यासकांना बराच काळ वाटे की हा फरक किरकोळ आहे, एक रूप दुसऱ्यातून सहज पुन्हा घडू शकते. २०१७ पासूनच्या संशोधनाने ते खोडले. हा फरक एका गुणसूत्रावरच्या एका अगदी छोट्या भागाशी, जीआरईबी-१एल या जनुकाच्या परिसराशी, बांधलेला आहे. आणि दोन्ही रूपे एकेक असलेला मासा वसंतातही येत नाही, शरदातही नाही. तो मधल्या काळात येतो. म्हणजे वसंताचे रूप शरदाच्या माशात गुपचूप दडून राहू शकत नाही. वसंतात येणारे मासे संपले, की ते रूपही त्यांच्याबरोबर जाते.

ओरेगॉनमधल्या रोग नदीवर १९७७ मध्ये धरण झाले आणि पुढच्या काही दशकांत वसंतातले येणे मागे पडून शरदातले वाढले. जनुकीय तपासणीत तोच बदल दिसला. क्लॅमथवरचे कोप्को हे पहिले धरण १९१८ चे, माशांसाठी वाट नसलेले. धरणाच्या वरच्या खोऱ्यातली, धरणाच्या कितीतरी आधीची साल्मनची हाडे पुरातत्त्वाच्या उत्खननांतून मिळाली आहेत. त्यांत वसंताचे तेच रूप सापडले. आज खालच्या काही उपनद्यांत ते जवळजवळ दिसत नाही. सॅल्मन रिव्हर नावाच्या उपनदीत थोडे उरले आहे.

२००२ च्या सप्टेंबरात क्लॅमथच्या खालच्या भागात तीस हजारांहून अधिक साल्मन मेले. नदीकाठच्या आदिवासी समाजांनी त्यानंतर धरणे पाडावीत म्हणून जो लढा दिला तो मला अतिशय आदरणीय वाटतो. त्या लढ्याच्या शेवटी २०२३ आणि २०२४ मध्ये क्लॅमथवरची चार धरणे पाडली गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात, काम संपता संपता, शरदातला चिनूक ओरेगॉनमध्ये, त्यांतल्या सर्वांत वरच्या धरणाच्या जागेच्याही पुढे पोहोचला. शंभराहून अधिक वर्षांनी. ही बातमी मी वाचली तेव्हा खूप वेळ मला दुसरे काही सुचले नव्हते.

पण वसंतातला चिनूक? ट्राउटसाठी वाट उघडणे कदाचित पुरेल; वरच्या ओढ्यांतल्या ट्राउटमध्ये समुद्राचा वारसा काही अंशी शिल्लक असू शकतो. चिनूकचे तसे नाही. म्हणून ओरेगॉनच्या योजनेत बाकीचे मासे आपणहून वर यावेत आणि वसंतातल्या चिनूकची पिल्ले मात्र माणसांनी नेऊन सोडावीत, असे ठरले आहे. ती कोणत्या आईबापांची असावीत? सॅल्मन रिव्हरमधले थोडे उरलेले मासे त्यासाठी काढावेत का? दुसऱ्या नदीतले आणले तर या नदीत त्यांचे निभेल का? आता या प्रश्नांना एकेका माशाचे जनुकीय रूप तपासून सामोरे जावे लागणार आहे.

हे दूरदेशीचे प्रश्न आहेत असे समजू नका. फरक्काच्या वर हिलसा पुन्हा नांदावा म्हणून आपल्याकडेही मासे पकडून वरच्या पाण्यात सोडले जात आहेत. समुद्रातून येणारे हिलसा आणि नदीतच राहणारे हिलसा वेगळे असावेत, असे आपले मत्स्यतज्ज्ञ फार वर्षांपासून म्हणत आले आहेत. मग वर सोडायचे ते कोणते? माझे मागणे साधे आहे. नदीवर कुठलीही भिंत उभी करण्यापूर्वी, आणि कुठलीही पाडण्यापूर्वी, दोन्ही बाजूंच्या माशांच्या परांचे नखाएवढे तुकडे अल्कोहोलच्या कुप्यांत भरून, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावेत. त्याने मासा मरत नाही आणि खर्चही फारसा येत नाही. चढणीच्या माशांपासून हे काम आपल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी येत्या पावसाळ्यातही सुरू करू शकतील. त्यात कोणाला रस असेल, तर प्रश्नोत्तरांनंतर मला जरूर भेटा.